उभ्या क्रेनचा ब्रेक

३ तारीख, मंगळवार

सूनबाईने साइटच्या ऑफिसातून ही डायरी आणून दिली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर सिमेंटच्या पोत्याचं चित्र आहे. म्हणाली, "बाबा, तुमच्या काळज्या यात लिहीत चला, आईंच्या कानांना जरा विश्रांती." त्यावर ही आतून ओरडली, "एका डायरीत काय होतंय, गठ्ठा आण!"

हसू देत. घरात एकाने तरी काळजी करायला हवी.

आजची लिहितो. समोरच्या बांधकामावर जी उंच क्रेन आहे, ती आमची सून चालवते. मुलगा लांबच्या ट्रकवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. सून मात्र रोज सकाळी डबा पाठीला लावून शिडीने आभाळात जाते, आणि काचेच्या खोलीत बसून दिवसभर सळया, फळ्या, काँक्रीटच्या बादल्या इकडच्या तिकडे ठेवते. माझी बायको सगळ्यांना सांगते, आमची सून उंटावरून शेळ्या हाकते. कौतुकानेच सांगते.

आज संध्याकाळी ती उतरून रस्ता ओलांडताना मला खिडकीतून दिसली. आणि तेवढ्यात क्रेनचा तो लांब आडवा दांडा, वर कुणी नसताना, आपोआप फिरायला लागला. अगदी सावकाश. झोपेत माणूस कूस बदलतो तसा. तळ्याकडून वारा येत होता. दांडा फिरत फिरत रस्त्यावर आला, मग आमच्या इमारतीवर, मग खिडकीच्या वरच्या चौकटीत शिरून दिसेनासा झाला. म्हणजे तो माझ्या डोक्यावर होता.

जेवण गेलं नाही.

४ तारीख, बुधवार

विचारलंच.

"काल तू ब्रेक लावायला विसरलीस."

"विसरले नाही बाबा. काम संपलं की सोडूनच ठेवायचा असतो."

"सोडून? एवढं मोठं धूड वाऱ्यावर सोडून तू घरी येऊन चहा पितेस?"

"हो. आणि साखर कमी आहे."

मग समजावत बसली. छपरावर पत्र्याचा कोंबडा असतो, वारा येईल तसा फिरतो, म्हणून टिकतो. त्याला खिळा मारला तर पहिल्या वादळात मोडेल. क्रेनचंही तसंच. दांडा मोकळा असला की वाऱ्याबरोबर वळतो आणि वारा त्याच्या अंगावरून निघून जातो. आडवा अडकवून ठेवला की वाऱ्याला ढकलायला जागा मिळते. माल उचलायचा आकडा वर घेतलेला असतो, खाली काही टांगलेलं नसतं. हे सगळं तिने डब्याचं झाकण टेबलावर गोल गोल फिरवून दाखवलं.

मी म्हटलं, "कोंबडा पडला तर एखादं कौल फुटेल. हे पडलं तर?"

"म्हणून तर सोडायचा."

मला हे पटत नाही. मी रेल्वेच्या यार्डात मालडब्यांवर म्हातारा झालो. डबा उभा राहिला की हातब्रेक आवळायचा, चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा, मगच पाठ फिरवायची. उभी वस्तू बांधलेली असते. चालती वस्तू मोकळी असते. एवढं एकच मला जगातलं पक्कं माहीत आहे, आणि तेच आता खोटं म्हणायचं?

६ तारीख, शुक्रवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात आभाळ म्हणजे आमचंच यार्ड होतं. निळ्यावर रूळ, रुळांवर ढगांचे डबे, आणि एकेक डबा आवाज न करता निघून चाललेला. मी ठोकळा घेऊन धावतोय, पण पायाखाली काहीच नाही. दूर एका काचेच्या खोलीत सूनबाई बसली होती. ती हात हलवत होती. या म्हणत होती की जा म्हणत होती, ते कळलं नाही.

उठलो तेव्हा भिंतीवरून दांड्याची सावली चालली होती. दिवसा सूनबाई काम करते तेव्हा सावली झपझप जाते, एखाद्या कामसू बाईसारखी. संध्याकाळी तीच सावली रेंगाळते. कपाटावरून, हिच्या साडीवरून, माझ्या हातावरून. हात ओढून घेतला.

९ तारीख, सोमवार

सगळ्यांनाच झोप नाही. तळमजल्यावरचा घड्याळवाला जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, मी डोळ्याला भिंग लावून स्क्रू बघत होतो, आणि एकदम अंधार झाला. बघतो तर त्या दांड्याची सावली. वस्तू जिथे ठेवली तिथे राहायला पाहिजे की नको?"

मी म्हटलं, "पाहिजे."

एवढं म्हणायचा अवकाश, वरच्या मजल्यांवरचे चारपाच जण जमले. कुणाचं मूल दचकून उठतं, कुणाची बायको माहेरी जायचं म्हणते. सगळे म्हणाले, काका, तुम्हीच बोला. तुम्ही रेल्वेत होतात, तुमचं ऐकतील. त्यात तुमची सून तिथेच आहे.

म्हणूनच तर बोलायचं. उद्या काही झालं तर बोट कुणाकडे दाखवतील? शेवटी कुणी चालवली होती, एवढंच विचारतील. ब्रेक लावला असेल तर तिच्यावर ठपका नाही. हा माझा हिशेब घरात कुणाला सांगितलेला नाही. हिला सांगितलं तर सूनबाईला ऐकू जाईल.

१० तारीख, मंगळवार

आज मी बोललो. गेल्या कित्येक वर्षांत एवढं मोठ्याने बोललो नव्हतो.

साइटचे साहेब पत्र्याच्या खोलीत बसतात. आम्हा सगळ्यांना पाणी दिलं. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, नियम तुमच्या सूनबाईंनी सांगितला तोच आहे. रात्री मोकळीच ठेवायची."

मी म्हटलं, "साहेब, नियम कागदावर राहतो. आम्ही त्याच्या खाली राहतो."

मागून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हे माझं तोंड कुणी दुसराच चालवतोय. मग घड्याळवाला म्हणाला, ब्रेक लावला नाही तर उद्यापासून गेटात बसू, एक गाडी आत जाऊ देणार नाही. साहेबांनी कपाळावरून रुमाल फिरवला. बाहेर काँक्रीटच्या गाड्या आधीच हॉर्न वाजवत होत्या. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. रोज काम संपलं की दांडा रस्त्याला समांतर करून ब्रेक लावून ठेवतो. तुमच्या घरावर येणार नाही. लोक शांत होईपर्यंत."

बाहेर येऊन वर बघितलं. काचेच्या खोलीत ती ठिपक्याएवढी दिसत होती. मी हात केला. तिने बघितलं नसावं.

संध्याकाळी दांडा रस्त्यावर सरळ, पट्टी ठेवल्यासारखा उभा होता. जरासुद्धा हलत नव्हता. सूनबाई उशिरा आली आणि मोरीत खूप वेळ हात धूत राहिली. मी म्हटलं, "आता कशी निवांत झोप लागेल." ती म्हणाली, "तुम्हाला लागू दे बाबा."

११ तारीख, बुधवार

सूनबाई घरी आहे. म्हणाली, थोडे दिवस रजा घेतली. बरं झालं. किती दिवस सांगत होतो. क्रेनवर एक बदली माणूस आला आहे. चालवतो बरा, पण दांडा फिरवताना झटके देतो.

ती मात्र विश्रांती घ्यायची सोडून स्टुलावर चढून कपाटांची डोकी पुसतेय. मी स्टूल धरायला गेलो तर ही म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्ही धरलंत म्हणजेच पडेल ती." आज हिचा सूर काही ठीक नाही. गुडघे दुखत असतील.

१३ तारीख, शुक्रवार

झोप मात्र छान लागते. दुपारची सुद्धा.

फक्त एक आवाज येतो. वारा जरा वाढला की क्रेन घुमते. म्हणजे फिरत नाही, कण्हते. खालच्या पट्टीत, बंद दाराआड कुणी म्हातारं कुढत असावं तशी. हा आवाज ओळखीचा वाटला म्हणून आठवत बसलो. यार्डात कधी ब्रेक न सोडताच डबे ढकलले जायचे, तेव्हा चाकं अशी कण्हायची. आम्ही शिव्या देत धावायचो. पण ते डबे होते. या क्रेनला कोण ढकलतंय?

सूनबाई खिडकीत खुर्ची घेऊन बसते. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. वारा आला की तिची बोटं जराशी हलतात, डावीकडे, उजवीकडे. तिला ते कळत नाही. मी बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो.

आज फोनवर बोलताना ऐकलं. "नाही साहेब. ब्रेक लावून सोडून जायला मी तयार नाही. म्हणून तर घरी बसवलंत ना मला?" मग तिने दार लोटलं, म्हणून पुढचं ऐकू आलं नाही. नंतर विचारलं, काय झालं ग? म्हणाली, "काही नाही, कामाचं आहे." मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं, म्हणून माणूस गप्प बसतो.

१६ तारीख, सोमवार

परवा मोठा वारा येणार, असं रेडिओवर सांगितलं. तळ्याच्या बाजूने.

घड्याळवाल्याला संशय आहे की अशा वेळी साइटवाले गुपचूप ब्रेक सोडतील. सोडला की दांडा सरळ आपल्या छपरावर. त्याने गेटवर बसायच्या पाळ्या लावल्या. माझी बुधवारी दुपारी. सोबत तो स्वतः बसणार. म्हणाला, "तुम्ही नुसते खुर्चीत बसा काका. तुमच्याकडे बघून कुणी काही बोलणार नाही."

हे ऐकून सूनबाई जेवता जेवता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल. पण म्हणाली, "खुर्चीवर उशी घेऊन जा. पाठ धरेल."

ही उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

१८ तारीख, बुधवार, सकाळी

आभाळ पितळेच्या भांड्यासारखं झालंय. पक्षी नाहीत. तळ्याचं पाणी इकडून तिकडे सरकतंय, कुणी ताट कलतं करावं तसं. साइटवर काम बंद. दांडा रस्त्यावर सरळ उभा, आणि वारा बरोबर त्याच्या बरगडीत.

कण्हणं आता थांबतच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आजचं आजच लिहायला हवं. उद्यापर्यंत मीच ते बदलून टाकीन.

गेटात खुर्ची टाकून बसलो होतो. उशी घेतली होती. घड्याळवाला शेजारी, आणि आमच्या इमारतीतले बरेच जण. धूळ उडत होती. रस्त्यापलीकडून सूनबाई येताना दिसली. डोक्याला हेल्मेट, अंगावर तो पट्ट्यांचा साज, ज्याची कडी शिडीला अडकवत चढतात. मी म्हटलं, ही कुठे निघाली?

साहेब आतून धावत आले. घड्याळवाल्याला म्हणाले, "बदलीवाला सकाळपासून फोन उचलत नाही. मी यांना बोलावलंय. ब्रेक सोडायचा खटका वर आहे. हात जोडतो, वाट द्या."

"या वाऱ्यात सोडणार?" घड्याळवाला ओरडला. "वारा तळ्याकडून आहे! ते सरळ आमच्या डोक्यावर येईल."

"येईल," सूनबाई म्हणाली. "आणि तिथेच राहील. आत्ता ते कुठे पडेल ते मात्र मला सांगता येणार नाही."

लोक कालवा करायला लागले. ती त्यांच्याशी बोललीच नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली, लहानपणी मुलगा बसायचा तशी.

"बाबा, खालचा वाऱ्याचा मीटर बघून आलेय. आत्ता चढता येतं. थोड्या वेळाने येणार नाही. तुम्ही उठला नाहीत तर मी जबरदस्ती करणार नाही. पण मग सगळ्यांनी घरं सोडायची. आत्ता, नेसत्या कपड्यांनिशी. आई जिना उतरतील तोवर थांबायला पण वेळ नाही."

"दुसरं कुणी चढू दे."

"दुसरं कुणी नाही."

"तू चढायचं नाहीस. मी सांगतोय ना!" मी एवढ्या जोरात ओरडलो की मलाच खोकला आला. लोकांना वाटलं मी त्यांच्या बाजूने बोललो. कुणीतरी शाबास म्हणालं.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमच्या यार्डात डब्याचा ब्रेक आवळलेला असताना मागून इंजिन ढकलायला लागलं, तर काय करायचात?"

"धावायचो. सोडायचो."

"मग ते इंजिन आलंय बाबा. तळ्यावरून."

वर बघितलं. क्रेनचं उभं अंग जिथे जमिनीत शिरतं तिथपासून वरपर्यंत ते एका बाजूला ताणलेलं वाटत होतं. वाटलं असेल. मला यंत्रातलं खरंच कळत नाही. ब्रेक आवळायचा की सोडायचा, या वयात माझ्या डोक्यात ते उलटसुलट होणार नाही. म्हणून मी तिला निराळंच विचारलं.

"सोडून खाली आलीस की तू कुठे असशील?"

ती जराशी गोंधळली. "घरी. तुमच्या खोलीत. किती दिवसांत धड झोपले नाहीये. तुमच्या पलंगावर पडेन."

"त्याच्या खाली?"

"बरोबर त्याच्या खाली."

मी उठलो. खुर्ची ओढायला लागलो तर खुर्चीचाच पाय खडीत अडकला. घड्याळवाला म्हणाला, "काका, अहो, ब्रेक लावा असं साहेबांना तुम्हीच तर सांगितलंत!"

"हो. मीच सांगितलं. आणि मीच उठतोय. खुर्ची धरा जरा."

त्याने वाकून खुर्चीचा पाय मोकळा केला. भला माणूस आहे. भीती त्याला एकट्याला थोडीच होती.

ती चढली. प्रत्येक टप्प्यावर थांबायची, कडी काढायची, पुढे अडकवायची. वारा तिच्या कपड्यात शिरून तिला जाड करायचा, मग पुन्हा बारीक. मी डोळे मिटले नाहीत. माझी पापणी लवली तर ती निसटेल, असं मला वाटत होतं. ही कधी येऊन शेजारी उभी राहिली कळलं नाही. तिने माझी बाही घट्ट धरली होती. "मला हे आधीच माहीत होतं," ती म्हणाली. कशाबद्दल ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. आज मात्र न विचारताच कळलं. रजा कसली, घरी कुणामुळे बसली, सगळंच. एवढे दिवस सूनबाई मला उशी, चहा, औषध देत राहिली.

मग ती ठिपक्याएवढी होऊन काचेत शिरली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दांडा तसाच आडवा. जणू त्याला खरंच वाटत नव्हतं. मग त्याच्या टोकाने जरा मान हलवली आणि तो निघाला. एवढ्या वाऱ्यात, एवढं लोखंड, पण कुठे घाई नाही. रस्त्यावरून, आमच्या माणसांच्या डोक्यांवरून, विजेच्या तारांच्या कितीतरी वरून तो आला आणि आमच्या छपरावर जाऊन लांबलचक पडून राहिला. कण्हणं थांबलं. एकदम. आतापर्यंत ते होतं हे ते थांबल्यावरच खरं कळलं. वारा तेवढाच होता, पण आता त्याला भांडायला कुणी नव्हतं.

ती उतरेपर्यंत मी त्याच जागी उभा. शेवटच्या पायरीवर तिने कडी सोडवली. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो माझ्या हातात दिला. "तुम्ही प्या बाबा. ओठ पांढरे पडलेत." चांगलं खडसावलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

साहेब मागून म्हणाले, उद्यापासून या म्हणून. ती म्हणाली, "येईन. रोज ब्रेक सोडून जाणार असेन तर."

"सोडूनच जायचं," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझी मान कोण विचारतंय, पण हलवली.

इमारतीतले बरेच जण नातेवाइकांकडे गेले. घड्याळवाला बायकोमुलांना घेऊन मेव्हण्याकडे गेला. जाताना दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन गेला. "तुम्ही थांबताय ना?" म्हटलं, थांबतोय. "खरंच?" म्हटलं, सून थांबतेय.

आता दिवेलागण झाली आहे. सूनबाई माझ्या पलंगावर आडवी पडली ती पडलीच. हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ हनुवटीखाली तसाच आहे. एक मोजा निघालाय, एक पायातच राहिलाय. हिने तिच्या अंगावर चादर घातली आणि मला खूण केली, बडबड करू नका. मी कुठे बडबडतोय, मी लिहितोय.

बाहेर वारा दारं ठोठावतोय. वर छपरावर तो दांडा मोकळा आहे. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, वारा म्हणेल तसा. खिडकीतून दिसत नाही, पण तो आहे हे मला बसल्या जागी कळतंय. त्याचं वजन माझ्या डोक्यावर असून नसल्यासारखं. खोली हळूहळू कुठेतरी निघाल्यासारखी वाटते. पलंग, कपाट, झोपलेली सून, दारात उभी असलेली ही, सगळं एका ओळीत, आवाज न करता. आणि मी उठून कशाखाली काही सारत नाहीये.

भीती वाटतेच. पण सूनबाई घोरतेय. चांगली मोठ्याने.